दुधातल्या कणसांचा राखणदार

त्याला सगळे नेम्या म्हणत. खरं नाव फक्त हजेरी घेताना ऐकू यायचं, आणि तेव्हाही शेजारचा मजूर मान वळवून बघायचा, हा कोण नवीन आला म्हणून. धान्य संशोधन केंद्राच्या शेतावर पाखरं राखणं हे त्याचं काम. हातात गोफण, कमरेला मातीच्या वाळलेल्या गोळ्यांची पिशवी. पाखरं हाकलायला ठेवलेला हा माणूस पाखरं मारायचा. हाकललेली परत येतात, असं त्याचं म्हणणं. मेलेली पाखरं तो मचाणाच्या खांबाला उलटी टांगायचा. ती वाऱ्यावर हलायला लागली की थवा दुसऱ्या वाफ्याकडे सरकायचा. केंद्रात पाहुणे येणार असले की मोठे साहेब ती उतरवायला लावायचे. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की नेम्या ताजी टांगायचा.

हा नेम त्याने घरीच कमावला होता. वडील ट्रक चालवायचे. घरी आले की आधी कमरेचा पट्टा काढायचे आणि मग बूट. नेम्या थोरला, त्याच्या वाट्याला जे यायचं ते तो दात आवळून सोसायचा, पण धाकटा भाऊ अंगाने किरकोळ आणि बोलताना अडखळणारा. तो अडखळला की वडिलांचं डोकं फिरायचं. एका दुपारी त्यांनी धाकट्याला केसाला धरून अंगणात ओढला आणि पट्ट्याच्या बकलाने मारायला सुरुवात केली. आई मध्ये पडली, तिलाही दोन बसले. नेम्या परसातल्या भिंतीवर रिकामे डबे मांडून गोफण फिरवत बसायचा, तिथून तो आला आणि त्याने दगड सोडला. तो वडिलांच्या कानावर बसला. ते गुडघ्यावर आले, कानातून रक्त गळ्यात उतरलं. त्यांनी वर पाहिलं तेव्हा पोराने दुसरा दगड गोफणीत भरलेला होता.

त्या दिवसानंतर पट्टा फक्त कमरेला राहिला. त्या कानाने वडिलांना पुन्हा ऐकू आलं नाही, आणि घरात त्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही. धाकटा मात्र पुढे कितीतरी महिने भावाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायचा. त्याच्या लेखी देव म्हणजे थोरला.

वडील गेले. दोघांची लग्नं झाली. नेम्याला केंद्रात काम मिळालं आणि फाटकाशेजारच्या रांगेत एका खोलीची क्वार्टर मिळाली. तिथे तो, त्याची बायको आणि आई राहायची. त्याला मूलबाळ नव्हतं. धाकटा कालव्यापलीकडे वीटभट्टीच्या झोपड्यांत राहायला गेला. त्याला एक मुलगी होती, चालायला शिकलेली, आणि बायकोला पुन्हा दिवस गेले होते.

आता त्या धान्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

केंद्रात ज्वारीचे शेकडो प्रकार लावलेले असायचे. लाल-तपकिरी दाण्याची ज्वारी तुरट, तिला पाखरं तोंड लावत नाहीत, पण ती माणसाच्याही अंगी लागत नाही. खाल्लेलं निम्मं तसंच बाहेर पडतं. पांढरी ज्वारी गोड आणि पचायला सोपी, म्हणून तीच पाखरं आधी फस्त करतात. आणि अगदी मधल्या वाफ्यात डॉक्टरबाईंची ज्वारी होती. या डॉक्टरबाई औषधाच्या नव्हेत, पिकांच्या. काटकुळ्या, जाड भिंगांच्या, उन्हात डोक्याला ओला टॉवेल बांधून हिंडणाऱ्या. त्यांच्या ज्वारीचा दाणा वाळला की सुरकुतायचा, म्हाताऱ्याच्या गालासारखा खोल जायचा. दिसायला भिकार. पण साध्या ज्वारीच्या प्रथिनात एक भाग कमी असतो, तो नसला की लहान पोराचं अंग भरत नाही, कितीही पोटभर खाऊ घाला. तो भाग या सुरकुतलेल्या दाण्यात जवळजवळ दुप्पट होता. बाईंनी तो दाणा एका दूरच्या डोंगराळ भागातून मूठभर आणला होता आणि चांगल्या उत्पन्नाच्या वाणाशी त्याचा संकर करत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

कणसं दुधात आली, म्हणजे दाणा दाबला की पांढरं दूध निघतं अशा अवस्थेला आली, की ही ज्वारी इतकी गोड लागायची की पाखरं दुसरीकडे बघायचीच नाहीत. माणसंही.

पावसाच्या दिवसांत शेतावर काम नसलं की नेम्याला उंदीरघरात मदतीला पाठवत. तिथे पांढऱ्या उंदरांचे पिंजरे होते, एका रांगेला साधी ज्वारी, दुसऱ्या रांगेला सुरकुतलेली. काही आठवड्यांनी फरक आंधळ्यालाही कळला असता. एका रांगेतले उंदीर केस पिंजारलेले, कोपऱ्यात थरथरणारे. दुसऱ्या रांगेतले तुकतुकीत, जाळीवर चढून भांडणारे. मग तिथला कामगार एकेकाला शेपटीने उचलून टेबलाच्या कडेवर डोकं आपटायचा आणि काळीज काढून काचेच्या बशीत ठेवायचा. नेम्याने पहिल्या दिवशी दहाएक मारले आणि घरी येऊन नीट जेवला. मारणं त्याला जड नव्हतं. पण त्या दोन रांगा त्याच्या डोक्यात बसल्या. धाकटा आईला भेटायला आला तेव्हा नेम्याने हात पसरून दाखवलं, केवढे केवढे उंदीर झाले ते. धाकटा ऐकत राहिला. जाताना त्याने अडखळत विचारलं, ही ज्वारी माणसाला चालते का?

त्याच्या मुलीचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. केस तांबूस होऊन हातात येत होते. आईचं दूध तुटल्यापासून ती साध्या पिठाच्या पेजेवर होती, आणि पेज पोटभर खाऊनही रडायची. नंतर नंतर रडेनाशी झाली.

नेम्याने डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या वर्षीचा प्रत्येक दाणा बियाण्याला लागणार आहे, ओंजळभर दिली तरी एक ओळ जाते. पण पुढे त्या असंही म्हणाल्या की पोरीला मुलांच्या सरकारी वॉर्डात ने, असल्याच मुलांसाठी तो आहे, मी सांगून ठेवते. नेम्याच्या कानात फक्त ‘नाही’ राहिलं. कुणापुढे हात पसरायची त्याची पहिलीच वेळ होती आणि तो हात रिकामा परत आला होता. त्या रागात तो कालवा ओलांडून गेला आणि भावाला एवढंच सांगितलं की मिळणार नाही, आणि पुन्हा माझ्या नोकरीच्या ठिकाणी भीक मागायला मला पाठवू नकोस. वॉर्डाचं त्याने सांगितलंच नाही.

त्यानंतर कणसं जायला लागली.

रोज पहाटे मधल्या वाफ्यात ज्वारीची चार-सहा ताटं मुंडी छाटल्यासारखी उभी. मोठ्या साहेबांनी एका सकाळी सगळ्या मजुरांना उभं केलं, ती बोडकी ताटं उपटून आणायला लावली आणि जुडी नेम्याच्या तोंडावर फेकली. पानांच्या धारेने त्याचा ओठ फाटला. साहेब म्हणाले की पाखरं मारून शौर्य दाखवणारा हा गडी चोराला कणसं भरून देतो की काय, आणि पुन्हा एक कणीस गेलं तर क्वार्टर खाली करायची. मजूर खाली बघत होते. कुणीतरी हसलं. नेम्या ओठातून रक्त गिळत उभा राहिला. घरी गेल्यावर त्याने मातीच्या गोळ्यांची पिशवी कोपऱ्यात फेकली. कालव्याच्या कडेला जाऊन गुळगुळीत, हातात बसणारे दगड निवडले आणि खिशात भरले. बायकोने विचारलं, हे कशाला?

केंद्राचा नियम होता की माणूस दिसला तर आधी हाळी द्यायची, मग हवेत गोळा मारायचा, आणि मग शिट्टी वाजवून पहारेकऱ्यांना बोलवायचं. नेम्याला तो पाठ होता.

उजाडत होतं. धुकं ताटांच्या कमरेपर्यंत होतं. मधल्या वाफ्यात एक ताट हललं, थांबलं, दुसरं हललं. पाखरू बसलं की ताट वाकतं आणि झुलतं. हे नुसतं खाली ओढलं जात होतं. मग एक वाकलेली पाठ दिसली, आणि पाठीवर डोक्याचा गोल. नेम्याने हाळी दिली नाही. त्याने गोफण डोक्याभोवती फिरवली आणि त्या गोलावर सोडली.

ओल्या मडक्यावर काठी बसावी तसा आवाज झाला. माणूस न ओरडता पडला. नेम्या मचाणावरून उडी टाकून ताटं तुडवत धावला. साहेबांचं बोलणं, मजुरांतलं ते हसणं, फाटलेला ओठ, सगळं त्याच्या पायांत उतरलं होतं. त्याने पडलेल्या माणसाला एक लाथ बरगडीत घातली आणि दुसरी तोंडावर. मग तिसरीसाठी पाय मागे घेतला तेव्हा तो माणूस वळला.

धाकट्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उरली नव्हती. डोळ्याच्या जागी रक्ताने भरलेला खळगा होता आणि गालाचं हाड आत गेलं होतं. सदऱ्यात बांधलेली कणसं पोटाखाली चिरडली होती, त्यांचं दूध आणि रक्त एकत्र होऊन कापडातून गळत होतं. उजव्या डोळ्याने त्याने भावाला ओळखलं.

“द-दादा,” तो म्हणाला, “पो-पोरीला.”

नेम्याने त्याला खांद्यावर घेतला आणि धावत सुटला. दवाखान्यापर्यंत त्याच्या पाठीचा कपडा कंबरेपर्यंत लाल झाला. वाटेत तो मोठ्याने काहीतरी बोलत होता असं बघणारे सांगतात. काय, ते कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, डोळा गेला.

दुपारी पोलीस केंद्रात आले. मोठे साहेब नेम्याशी पहिल्यांदाच खुर्ची पुढे सरकवून बोलले. प्रकरण साधं आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. चोराच्या हातात विळा होता, तो तुझ्या अंगावर धावून आला, तू जीव वाचवायला गोफण चालवलीस. असं असेल तर तुझी नोकरी आहे, क्वार्टर आहे. नसेल तर तू आत जाशील आणि केंद्राची अब्रू चव्हाट्यावर येईल. नेम्याचे हात अजून धुतलेले नव्हते, नखांत रक्त वाळलं होतं. त्याने विळा होता असं सांगितलं. हवालदाराने केंद्राच्याच औजारांच्या खोलीतून एक विळा आणून त्यावर पुराव्याची चिठ्ठी बांधली.

धाकट्याला दवाखान्याच्या खाटेला बेडी घालून ठेवलं. त्याच्या बायकोला पोटामुळे नीट चालवत नव्हतं, तरी ती मुलीला काखेत घेऊन क्वार्टरच्या दारात आली. आत आली नाही. सासूशी बोलली नाही, जावेशीही नाही.

“दादा,” ती म्हणाली, “त्यांच्याकडे विळा नव्हता. नखांनी खुडत होते ते. बोटं बघा जाऊन.”

नेम्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. मुलीने एवढ्या वेळात एकदाही मान उचलली नाही.

धाकट्याच्या बायकोचे भाऊ लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे. तिघं होते, तिघांच्याही माना बैलासारख्या. नुसता डोळा गेला असता तर कदाचित ते थांबले असते. भावाभावांतलं आहे, दोघं बघून घेतील म्हणाले असते. पण डोळा फोडून वर चोर ठरवला, खाटेला बांधला, हे त्यांना सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते क्वार्टरच्या रांगेत शिरले. त्यांच्यातल्या थोरल्याच्या हातात पहार होती. शेजाऱ्यांनी आपापली दारं लावून घेतली.

नेम्याला त्यांनी जेवणावरून उचलला. त्याने पहिल्याचं नाक कपाळाने फोडलं, एवढंच त्याला जमलं. मग तिघांनी त्याला बाहेर काढून मातीत पाडला आणि तुडवला. नेम्याच्या बायकोने मधल्याच्या दंडाचा असा चावा घेतला की मांस सुटलं. त्याने तिला झटकलं तशी ती भिंतीवर आपटून खाली बसली. थोरला मेहुणा नेम्याच्या छातीवर गुडघा देऊन म्हणाला की डोळ्याला डोळा काढतो, आणि पहारीचं टोक त्याच्या चेहऱ्याजवळ आणलं. टोक डोळ्यात गेलं असतं तर तिथे थांबलं नसतं, हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

तेव्हा आई उंबऱ्यात आली. पट्ट्याचे वळ अंगावर घेतलेली ती बाई, तिने आरडाओरडा केला नाही.

“त्याचा हात घ्या,” ती म्हणाली. “उजवा. जीव घेऊ नका, मला दोनच आहेत.”

मग धाकट्या दोघा मेहुण्यांनी नेम्याचा उजवा हात ओढून उंबऱ्याच्या दगडावर ठेवला. आई बाजूला झाली, पण आत गेली नाही. पहार उभी वर गेली आणि खाली आली. एकदा बोटांवर, मग मनगटावर, मग पुन्हा बोटांवर. नेम्याचं ओरडणं वाफ्यांपर्यंत गेलं. थोरल्या मेहुण्याने पहार तिथेच टाकली, हात पुसले, आणि तिघं ज्या वाटेने आले त्याच वाटेने चालत गेले. आईने पदर फाडला आणि लेकाचा हात बांधायला बसली. नेम्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हात मात्र त्याने बांधू दिला.

मचाण रिकामं झालं आणि पाखरांना ते कळायला एक सकाळ पुरली. थवे दूरच्या पिकांवरून उठून मधल्या वाफ्यावर उतरले. काळं कापड टाकावं तसं. डॉक्टरबाई एकट्या डबा बडवत ओळीओळीतून पळत होत्या. एका टोकाची उठवली की दुसऱ्या टोकाला बसत होती. तिथे नेम्या आला. हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये, एक डोळा सुजून मिटलेला, बरगड्यांमुळे वाकलेला. डाव्या हाताने त्याला ढेकूळही सरळ फेकता येत नव्हतं. तो नुसता ओरडत होता, घसा फाटेपर्यंत.

थवा थोडा वर उठला तेव्हा बाई धापा टाकत त्याच्याजवळ आल्या. त्यांना चोर कोण होता हे कळलं होतं, पण एक गोष्ट कळत नव्हती. त्यांनी विचारलं की वॉर्डात सगळं सांगून ठेवलेलं असताना तुझ्या भावाने पोरीला तिकडे का नेलं नाही.

“मी सांगितलं नाही त्याला,” नेम्या म्हणाला.

बाईंनी हातातली डबा बडवायची काठी त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. भिंगांवर पाणी साचलं होतं, त्यांना नीट दिसतही नसावं. तिसरा घाव त्याच्या प्लॅस्टरवर बसला आणि काठी मोडली. नेम्या तसाच उभा होता. बाईंनी उरलेला तुकडा बघितला, तो खाली टाकला, आणि मातीत बसून आपलेच हात मांड्यांखाली दाबून धरले. पाखरं परत उतरली. दोघांपैकी कुणीही ती हाकलली नाहीत.

त्याच दुपारी केंद्राची जीप कालव्यापलीकडे गेली. मुलीला वॉर्डात दाखल केलं तेव्हा ती अंगाने थंड पडली होती. आणि नेम्या पायी ठाण्यावर गेला. तिथे त्याने सांगितलं की विळा नव्हता, मी हाळी दिली नाही, मातीचा गोळा न घेता दगड घेतला होता, आणि पडल्यावर लाथाही मी घातल्या. हवालदार वैतागला, सगळं मिटलेलं असताना हा कुठून उपटला. हात कुणी मोडला असं त्याने विचारलं, तेव्हा नेम्याने पडलो म्हणून सांगितलं आणि त्या एका गोष्टीवर शेवटपर्यंत अडून राहिला. संध्याकाळी धाकट्याची बेडी निघाली. नेम्या आत गेला. मोठ्या साहेबांची बदली झाली, म्हणजे बढतीवरच झाली.

तुरुंगात त्याचे हाल झाले. भावाचा डोळा फोडणारा म्हणून त्याला वेगळाच मान होता. ताटात थुंकायचे, आंघोळीच्या हौदाशी धरून डोकं बुडवायचे. उजवा हात वाकडातिकडा जुळला, बोटं मिटायची नाहीत. एकाने त्याचा तो हात मुद्दाम पिरगळला तेव्हा नेम्याने डाव्या हाताने त्याचं डोकं गजांवर आपटलं, आणि त्यापायी शिक्षा आणखी वाढली. बायको भेटायला यायची. आई आली नाही. मुलगी वाचली, वॉर्डात दूध आणि डाळी मिळाल्या, पायाची सूज उतरली, हे त्याला बायकोने सांगितलं. दुसराही झाला, मुलगा, तोही बरा आहे. नेम्याने पुन्हा पुन्हा विचारलं की चालते का, आणि बायकोने पुन्हा पुन्हा सांगितलं की चालते, पळते.

सुटला त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. फाटकाबाहेर बायको असेल असं त्याला वाटलं होतं. समोर धाकटा उभा होता. डाव्या डोळ्यावर कातडी शिवलेली, त्या बाजूचा गाल आत ओढलेला. मग धाकटा चालत आला आणि त्याने नेम्याच्या तोंडावर गुद्दा मारला. भट्टीवर विटा वाहणारा हात. नेम्या रस्त्यावर आडवा झाला, दात ओठात घुसला. पहारेकरी बघत होता, तो मध्ये पडला नाही. धाकटा वाट बघत उभा राहिला, हा उठतो का म्हणून. नेम्या उठून बसला पण त्याने हात वर केला नाही. धाकट्याने त्याला पुन्हा मारलं, या वेळी उघड्या पंजाने, आणि मग रस्त्याच्या कडेला त्याच्या शेजारीच बसला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

“आई वा-वाट बघतेय,” तो म्हणाला. “चल.”

ते चालायला लागले. नेम्या सवयीने त्याच्या डाव्या बाजूला गेला. लहानपणापासून तो त्याच बाजूने चालायचा.

“तिकडून न-नको चालूस,” धाकटा म्हणाला. “मला दिसत नाहीस.”

नेम्या फिरून उजवीकडे आला.

क्वार्टर गेल्यावर बायको आणि आई भट्टीवरच आल्या होत्या; पुढे तोही तिथेच राहिला, भावाच्या झोपडीशेजारी. डाव्या हाताने गाडा ओढायला शिकला. भाऊ भाऊ एका ताटात जेवायला लागले असं मात्र कुणी सांगू नये. वर्षातून एखाद्या वेळी कशावरून तरी ठिणगी पडायची आणि धाकटा जे हाताला लागेल ते फेकायचा; नेम्या चुकवायचा, पण परत फेकायचा नाही. आई त्याच्या मोडक्या हाताला रोज तेल चोळायची. उंबऱ्यावरच्या त्या दुपारबद्दल मायलेक कधी बोलले नाहीत. एकदाच, चोळता चोळता, तिने विचारलं की दुखतं का, आणि त्याने सांगितलं की पावसात दुखतं.

डॉक्टरबाईंच्या ज्वारीतून पाखरांनी काही कणसं सोडली होती, पानांखाली लपलेली. तेवढ्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पण तो दाणा मऊ, त्याला कोठारात कीड लवकर लागायची. उत्पन्नही कमी भरायचं. मोठ्या शेतावर तो कधी गेला नाही. त्याचं बी केंद्राच्या थंड खोलीत बरणीत आहे म्हणतात. बाई तिथूनच निवृत्त झाल्या. शेवटपर्यंत त्या दर काही महिन्यांनी भट्टीवर येऊन मुलीचं वजन करायच्या, तिचे केस बोटांत धरून ओढून बघायच्या, आणि नेम्याशी एक शब्दही न बोलता जीपमध्ये बसायच्या.

थोरला मेहुणा बहिणीकडे यायचा तेव्हा नेम्या समोर दिसला की जमिनीवर थुंकायचा. एका उन्हाळ्यात भट्टीची भिंत ढासळली आणि नेम्याचे पाय तापलेल्या विटांखाली सापडले. त्या वेळी तो मेहुणा तिथेच होता. त्याने उघड्या हातांनी विटा बाजूला केल्या, तळहात भाजेपर्यंत, आणि नेम्याला काखेत धरून बाहेर ओढला. पाण्याच्या हौदाशी दोघं शेजारी बसले होते, एकाचे पाय पाण्यात आणि दुसऱ्याचे हात. मेहुण्याने नेम्याच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं, मग तोंड दुसरीकडे वळवलं आणि थुंकला.